एक नीर, अनेक अर्थ

॥ श्री ॥



देवदर्शनास येणारा प्रत्येक यात्रेकरू आपल्यासोबत दोन गोष्टी घेऊन येतो. एक मनातील भाव आणि दुसरी मुखातील भाषा. भाव देवाला आपोआप कळतो. भाषा मात्र माणसाची माणसाला समजून घ्यावी लागते, आणि तिथेच आपली खरी परीक्षा असते. या पुस्तिकेत दर्शनाच्या वेळा, पूजा-अभिषेकाचे नियम व निवासाची माहिती आपणांस मिळेलच. त्याआधी एका लहानशा शब्दाच्या निमित्ताने चार गोष्टी आपल्या सेवेशी सादर कराव्यात, असा मानस आहे. तो शब्द आहे ‘नीर’.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांना या शब्दाची नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. भोर तालुक्यातील सह्याद्रीच्या कुशीत उगम पावलेली नीरा नदी पुणे आणि सातारा, व पुढे पुणे आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या सीमेवरून पूर्वेकडे वाहते. बारामतीची कऱ्हा तिलाच येऊन मिळते. इंदापूर तालुक्याच्या आग्नेय टोकाला, श्रीक्षेत्र नीरा नरसिंहपूर येथे, ती भीमेला भेटते. या संगमावर श्री लक्ष्मी-नृसिंहाचे देवालय असून भक्त प्रल्हादाने येथे वाळूची मूर्ती घडवून नृसिंहाची आराधना केली, अशी परंपरेची श्रद्धा आहे. आषाढी वारीत जगद्‌गुरू श्री संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा बारामती व इंदापूर या मार्गाने जातो आणि सराटी येथे महाराजांच्या पादुकांना नीरास्नान घडते. आळंदीहून निघणाऱ्या श्री संत ज्ञानेश्वर माउलींच्या पादुकांनाही वाल्हे ते लोणंद या वाटचालीत याच नदीत स्नान घातले जाते. दोन्ही पालख्यांची वाट वेगळी असली, तरी स्नानाचे पाणी एकाच नदीचे.

नाव वाहत जाते, तेव्हा

आपल्याकडे ‘नीरा’ हे नदीचे विशेषनाम आहे. नीरा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घाट, पूल, कालवा आणि उसाचे मळे उभे राहतात. ‘नीर’ म्हणजे पाणी, हे आपण शाळेत शिकतो आणि आरत्या-स्तोत्रांत ऐकतो. परंतु घरात पाण्याचा तांब्या मागताना कोणी ‘नीर द्या’ असे म्हणत नाही. मराठीत हा शब्द काव्याचा, पूजेचा, सोवळ्यातला.

आता नदीच्या मागोमाग जाऊन पाहू. नरसिंहपुराहून भीमेच्या रूपाने नीरेचे पाणी पंढरपुरास विठुरायाच्या पायाशी येते. पुढे ते कर्नाटकात शिरते, विजयपूर व कलबुर्गी जिल्ह्यांतून वाहते, श्रीक्षेत्र गाणगापूर येथे अमरजेच्या संगमाला भेटते आणि पुढे कृष्णेत विलीन होते. कृष्णा ते पाणी तेलंगण व आंध्र प्रदेशातून पूर्वसमुद्रापर्यंत नेते. या प्रवासात एक विलक्षण गोष्ट घडते. ज्या मुलखात हे पाणी जाते, तेथे कानडी माउली साध्या पाण्याला ‘नीरु’ म्हणते. तेलुगू घरातही ‘नीरु’ म्हणजे पाणीच, आणि रोजच्या बोलण्यात ‘नीळ्ळु’. आपल्याकडे जे एका नदीचे नाव होते, ते खाली गेल्यावर घराघरांतील माठाचे नाव होते. शब्दाचे सोवळे सुटते आणि तो तहानेच्या कामाला लागतो.

संस्कृतातील ‘नीर’ हा शब्द मुळात दक्षिणेकडील द्राविडी भाषांतून आला असावा, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. तसे असेल, तर ज्याला आपण देववाणीचा अलंकार समजतो, तो कोणा कानडी वा तमिळ पूर्वजाच्या रोजच्या घोटातून आलेला आहे. पवित्र आणि साधे या दोहोंत अंतर किती थोडे असते, हे यावरून उमगते.

दक्षिणेत या शब्दाचा परिवारही मोठा आहे. तमिळ माणूस प्यायच्या पाण्याला ‘तण्णीर’ म्हणतो. ‘तण्’ म्हणजे थंड. डोळ्यांतून येते ते ‘कण्णीर’, म्हणजे डोळ्याचे पाणी. कानडी आणि तेलुगूतही अश्रूंसाठी याच घडणीचा शब्द आहे. शहाळ्याचे पाणी कानडीत ‘एळनीरु’, गुलाबपाणी ‘पन्नीरु’, आणि आपला रोजचा कांदा हा कित्येक कानडी घरांत ‘नीरुळ्ळी’. तहान, दुःख, शुभकार्य आणि स्वयंपाक या सर्व ठिकाणी हा एकच लहानसा शब्द हजर असतो.

तोच ध्वनी, निराळा अर्थ

येथपर्यंत नीर म्हणजे पाणीच होते. परंतु तमिळ भाषेत आणखी एक अर्थ भेटतो. तेथे ‘नीर’ हे समोरच्या व्यक्तीला थोड्या आदराने संबोधण्याचे सर्वनामही आहे. आपल्या ‘तुम्ही’च्या जवळचे. एकच ध्वनी, एकदा ‘पाणी’ आणि एकदा ‘तुम्ही’. त्याच भाषेत किंचित कठोर ‘र’ने उच्चारलेला ‘नीरु’ म्हणजे भस्म, आणि शिवभक्त कपाळी लावतात ती विभूती म्हणजे ‘तिरुनीरु’. सातव्या शतकातील शैव संत तिरुज्ञान संबंधर यांनी या विभूतीच्या महिम्यावर पदे रचली असून ती आजही शिवालयांत गायिली जातात. मराठी कानाला हे दोन ‘र’ वेगळे ऐकू येणे कठीण. आपल्याला एकच शब्द ऐकू येईल. पण बोलणाऱ्याच्या मनात एकदा जीवन असेल आणि एकदा जळून उरलेली राख.

मलयाळम भाषेत हाच शब्द रस आणि पाणी यांसाठी आहे, तसाच तो अंगावर येणाऱ्या सुजेसाठीही आहे. पूर्वेकडे बंगालीत ‘नीर’ म्हणजे पाणी, आणि त्याच्याशी जवळजवळ सारखाच ऐकू येणारा ‘नीड़’ म्हणजे पाखराचे घरटे. गुरुदेव रवींद्रनाथ ठाकूर यांच्या ‘नष्टनीड़’ या कथेच्या नावात मोडले आहे ते घरटे. उत्तरेत हिंदी भाषक ‘निरा’ म्हणतो, तेव्हा त्याला ‘केवळ’, ‘निव्वळ’ असे म्हणायचे असते.

समुद्रापलीकडच्या भाषांतही हा ध्वनी आढळतो. हिब्रू भाषेत ‘नीर’ म्हणजे नांगरून पेरणीस तयार केलेली जमीन. ही भाषा महाराष्ट्राला अगदीच परकी नाही. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी आणि प्रार्थनेची भाषा हिब्रू. अरबीत ‘नीर’ म्हणजे बैलाच्या मानेवरचे जू. या शब्दांचे आपल्या ‘नीर’शी कुळाचे नाते नाही, वाटेत सारख्या चेहऱ्याची दोन माणसे भेटावीत, तशी ही भेट आहे. तरीही नीरेकाठच्या शेतकऱ्याला यात ओळखीचे काही दिसल्याशिवाय राहणार नाही. जू, नांगरट, पाणी आणि अखेरीस भस्म: शेतकऱ्याचे सगळे आयुष्यच निरनिराळ्या भाषांनी या एका ध्वनीत वाटून घेतले आहे.

आपल्या घरातही हाच खेळ चालतो. नदी ती नीरा, आणि शिंदीच्या झाडापासून सूर्योदयापूर्वी उतरवला जाणारा गोड रस तोही नीरा. वेळेवर प्यावा तर आरोग्यदायी. ऊन चढेपर्यंत ठेवला तर त्याचीच ताडी होते. लुगड्याची चुणी ती निरी. संस्कृतात तर याहून गंमत आहे. ‘नीरज’ म्हणजे पाण्यात जन्मलेले कमळ. पण ‘निः’ आणि ‘रज’ यांचा संधी केला तरी ‘नीरज’च होते आणि अर्थ होतो धुळीपासून मुक्त. ‘नीरद’ म्हणजे पाणी देणारा मेघ. आणि कोशात पाहावे तर ‘नीरद’ म्हणजे दात नसलेला, असाही अर्थ मिळतो. ‘नीरस’ या शब्दाच्या पोटात तर ‘नीर’ ही अक्षरे स्पष्ट दिसतात, परंतु त्याचा अर्थ कोरडा, रसहीन. अक्षरांत पाणी आणि अर्थात दुष्काळ! केवळ कानावर विसंबणाऱ्याची अशी फसगत होते.

प्रजापतीचे एक अक्षर

एका शब्दाचे असे अनेक अर्थ होतात, त्यांतील खरा कोणता, हा प्रश्न येथे कोणाच्याही मनात येईल. आपल्या ऋषींनी तो फार पूर्वी विचारात घेतला होता. बृहदारण्यक उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात एक कथा आहे. प्रजापतीची तीन प्रकारची लेकरे, देव, मनुष्य आणि असुर, त्याच्याकडे ब्रह्मचर्याने राहिली. शिक्षण संपल्यावर त्यांनी उपदेश मागितला. प्रजापतीने तिघांनाही एकच अक्षर सांगितले: ‘द’. मग प्रत्येकाला विचारले, “समजले का?”

देव सुखोपभोगात रमणारे. त्यांनी ‘द’ म्हणजे दमन, असे ऐकले. मनुष्य संग्रह करणारा. त्याने ‘द’ म्हणजे दान, असे ऐकले. असुर क्रूर. त्यांनी ‘द’ म्हणजे दया, असे ऐकले. आश्चर्य असे की, प्रजापतीने तिघांनाही “तुम्हांला बरोबर समजले” असेच सांगितले. आकाशात मेघ गरजतो, तेव्हा तो हेच अक्षर तीनदा उच्चारतो, असे उपनिषद म्हणते. ही कथा सातासमुद्रापार पोहोचली असून कवी टी. एस. एलियट यांनी १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘द वेस्ट लँड’ या काव्याच्या शेवटी मेघाची हीच वाणी घेतली आहे.

या कथेचे मर्म नीट लक्षात घेतले पाहिजे. तिघांनी तीन अर्थ काढले, म्हणून शब्द खोटा ठरला नाही. प्रत्येकाने आपल्यात जे उणे होते, ते त्या अक्षरात ऐकले. आपली उणीव ज्याला ऐकू आली, त्याला उपदेश समजला. श्रीमत्‌ शंकराचार्यांनी भाष्यात असेही सुचविले आहे की, हे देव, मनुष्य आणि असुर वेगळे शोधावयास नकोत. तिन्ही वृत्ती माणसांतच आहेत. म्हणजे तीनही अर्थ आपल्याचसाठी आहेत. त्यांतही मनुष्य म्हणून जो अर्थ आपल्या वाट्याला आला, तो दानाचा, हे विसरून चालणार नाही.

शब्दांवर विसंबलेला राजा

याच्या उलट उदाहरण हिरण्यकशिपूचे. नृसिंहाच्या कथेकडे सहसा आपण देवाच्या पराक्रमाची कथा म्हणून पाहतो. तिच्यात शब्दांचीही एक शिकवण दडलेली आहे. हिरण्यकशिपूने वर मागताना शब्दांचा मोठा तट बांधला. माणसाकडून नको, पशूकडून नको, दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, भूमीवर नको, आकाशात नको, शस्त्राने नको. त्याला वाटले, सगळे शब्द झाले म्हणजे सगळे जग आले. दिवस आणि रात्र यांच्यामध्ये संध्याकाळ असते, घर आणि अंगण यांच्यामध्ये उंबरा असतो, हे त्याच्या ध्यानी आले नाही. भगवंत त्या मधल्या जागेतूनच आला. संध्याकाळी, उंबऱ्यावर, मांडीवर घेऊन, नखांनी त्याने त्या अहंकाराचा शेवट केला.

आपल्या शब्दाला एकच अर्थ आहे आणि तो आपल्यालाच ठाऊक आहे, असे मानणे हा लहान प्रमाणातला तोच अहंकार होय. तट कितीही पक्का असो, दोन शब्दांच्या मध्ये उंबरा उरतोच. प्रल्हादाचे मात्र तसे नव्हते. बापाला जो खांब केवळ दगडाचा दिसला, त्यात त्या बालकाला नारायण दिसला. वस्तू एकच, नाव एकच. अर्थ मात्र पाहणाऱ्याच्या भक्तीएवढा.

बारामतीचा मयूर

एका शब्दातून अनेक अर्थ आनंदाने कसे काढावेत, हे शिकवणारे महाकवी याच भूमीत राहिले. मोरोपंत पराडकर यांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्यास झाला. परंतु त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ बारामतीस नाईकांच्या आश्रयाने गेला आणि १७९४ साली येथेच त्यांनी देह ठेवला. आर्याभारत आणि अनेक रामायणे रचणाऱ्या पंतांचे यमक आणि श्लेष यांवर असाधारण प्रभुत्व होते. आपल्या ‘मोरो’ या नावात त्यांनी ‘मयूर’ पाहिला. केका म्हणजे मोराचा टाहो. म्हणून देवाला घातलेल्या सादेला त्यांनी ‘केकावली’ असे नाव दिले. एका नावात मोरही आला, कवीही आला आणि मेघाची वाट पाहणाऱ्या भक्ताची तहानही आली. शब्दाच्या दुसऱ्या अर्थाने गोंधळून न जाता त्यातून ईश्वराकडे जाणारी वाट काढावी, हा पंतांचा धडा आहे.

वारकरी संप्रदायानेही हे ओळखले होते. मराठीत ‘कानडा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत: कर्नाटकचा, आणि सहजी न कळणारा, अगम्य. श्री ज्ञानेश्वर माउलींनी पंढरीच्या विठ्ठलाला ‘कानडा’ म्हटले, तेव्हा या दोन्ही अर्थांचा गोडवा त्यात उतरला. शेजाऱ्याची भाषा कळत नाही, म्हणून आपण तिचे नाव न कळणाऱ्या गोष्टीला दिले. माउलींनी तेच नाव देवाला वाहिले. जे आपल्याला कळत नाही ते कमी प्रतीचे नसते, कदाचित तेच सर्वांत मोठे असते, हा विचार या एका विशेषणात सामावला आहे.

एकाच भाषेतले चार अर्थ

कोणी म्हणेल, हे सारे परभाषेचे झाले. आपली भाषा आपल्याला पुरती कळते. तर आपल्याच दोन तालुक्यांत ‘पाणी आले’ हे दोन शब्द कानांवर घेऊन पाहावेत. नीरा डावा कालवा १९व्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. त्या कालव्याखालच्या बागायतदाराच्या घरी ‘पाणी आले’ म्हणजे आवर्तन सुटले, आता रात्री बाऱ्यावर जावे लागणार. बारामतीच्या जिरायती पट्ट्यातील गावात, पाऊस हुकलेल्या वर्षी, तेच दोन शब्द म्हणजे टँकर आला, घागरी घेऊन पळा. नदीकाठच्या वस्तीवर श्रावण-भाद्रपदात ते पुराची सूचना देतात. आणि इंदापूरच्या उत्तर सीमेवर भीमेच्या काठी, जेथे उजनीच्या जलाशयाखाली जुनी गावे गेली, तेथील एखाद्या वृद्धाला ते शब्द आपले बुडालेले अंगण आठवून देतात. उन्हाळ्यात जलाशय ओसरला की पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर पाण्याबाहेर येते. तेव्हा दूरदूरचे लोक ते पाहावयास येतात, त्यांना तो नवलाचा देखावा वाटतो. ज्यांचे घर त्या मंदिराच्या शेजारी होते, त्यांच्या दृष्टीने तो देखावा नसतो.

भाषा एकच, शब्द तेच दोन. एकाला कष्ट, दुसऱ्याला सुटका, तिसऱ्याला भय, चौथ्याला आठवण. म्हणून शब्द ऐकून थांबू नये. तो कोणाच्या तोंडून आला, हे पाहावे. नीर-क्षीर निवडणारा हंस आपण विवेकाचे प्रतीक मानतो. त्याचा विवेक चोचीत असेल. माणसाचा विवेक कानात असला पाहिजे.

एक दृष्टांत

समजा, वैशाखातील शुक्ल चतुर्दशी आहे. नृसिंह जयंतीचा दिवस. माध्यान्हीचे ऊन तापले आहे. विजयपूरकडून आलेली एक वृद्ध माता रांगेतून बाहेर येते आणि तरुण स्वयंसेवकाला म्हणते, “स्वल्प नीरु कोडप्पा.” त्या मुलाला ‘स्वल्प’ कळतो, कारण तो आपणही वापरतो. ‘नीरु’ ऐकून त्याला नदी आठवते. तिसरा शब्द त्याला कोडेच. तो अदबीने हात करून सांगतो, “आजी, नीरा ना? ती काय खाली. घाटाच्या पायऱ्या जपून उतरा.”

मुलाने काही उद्धटपणा केला नाही. त्याने सांगितले ते खोटेही नव्हते. तरीही तहानलेल्या म्हातारीला त्याने उन्हात घाटाकडे धाडले, कारण ‘नीरु’चा अर्थ त्याने स्वतःच्या मनात शोधला, तिच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. कोरडे ओठ सर्व भाषांत सारखेच असतात. ते पाहिले असते, तर व्याकरणावाचून काम भागले असते.

आता हेच उलट करून पाहा. दत्तभक्त मराठी माणसे गाणगापुरास जातात. तेथे एखादी आपली आजी ‘पाणी, पाणी’ म्हणते. संस्कृतात ‘पाणि’ म्हणजे हात. पाणिग्रहण या शब्दात तो अर्थ आहे. समोरच्या कानडी गृहस्थाने केवळ पोथीतला अर्थ धरला, तर तो आजीचा हात धरून तिला सावलीत बसवील इतकेच. पण त्याने चेहरा पाहिला, तर एका हाताने आधार देईल आणि दुसऱ्या हाताने तांब्या पुढे करील. मग ‘पाणी’चे दोन्ही अर्थ एकाच वेळी पूर्ण होतील. पाणी द्यावे ते आपल्या पाणीने, आपल्या हाताने, हा जलदानाचा जुना विधी जणू या शब्दानेच सांगून ठेवला आहे.

भाविकांस व दात्यांस विनंती

यात्रेच्या पुण्याचा विचार करताना पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात, अशी नम्र प्रार्थना आहे.

दर्शनरांगेत शेजारी परभाषक यात्रेकरू असल्यास त्याच्या बोलण्यास हसू नये. कळले नाही तर पुन्हा विचारावे, खुणेने विचारावे. आपल्याला वाटलेला अर्थ त्याच्या गळी उतरवू नये. पाणपोईवरील रांजणापाशी ‘पाणी’ या शब्दाखाली ‘नीरु’, ‘नीळ्ळु’ आणि ‘पानी’ हे शब्दही लिहिलेले असावेत. यास खर्च फारसा येत नाही, परंतु दूरवरून आलेल्याला आपण घरी आलो असे वाटते. आपल्या गावच्या देवळात, बसथांब्यावर, बाजारात हे सहज करण्याजोगे आहे. अन्नदानास दाते पुष्कळ लाभतात, जलदानास कमी. उन्हाळ्याचे चार महिने भरलेला एक माठ हेही मोठे दान आहे, आणि ते गरिबातील गरिबालाही करता येते.

नदीविषयी एक कळकळीचे सांगणे. निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या, जुने कपडे व तसबिरी नदीपात्रात टाकू नयेत. निर्माल्य ठेवलेल्या कुंडातच टाकावे. ज्या नदीचे नावच पाणी, तिचे पाणी ओंजळीत घेऊन प्यावयाचा धीर होऊ नये, यासारखे दुःख नाही. तसे झाले तर ‘नीरा’ हा शब्दही ‘नीरस’सारखाच होईल: अक्षरांत पाणी, अर्थात दुष्काळ. नदीच्या नावाचा खरा अर्थ कोशात टिकत नाही. तो काठावरच्या माणसांच्या वागण्यात टिकतो. संतांच्या पादुका ज्या पाण्यात न्हातात, त्या पाण्याचे रक्षण म्हणजे पालखीचीच सेवा होय. आणि येथे आपण जे टाकू, ते भीमेतून पंढरपुरास आणि पुढे कर्नाटकातील कोणा माउलीच्या घागरीत जाणार आहे. ती त्याला ‘नीरु’ म्हणून विश्वासाने तोंडाला लावील.

भाविकहो, पाण्याला नावे अनेक आहेत. जल, उदक, तोय, नीर, पाणी. संस्कृत कोश तर पाण्याला ‘जीवन’ हेही एक नाव देतात. एका वस्तूची अनेक नावे असतात, हे आपण भगवंताच्या सहस्रनामावरून जाणतोच. एका नावाचे अनेक अर्थ असतात, हे जाणणे हा त्याच ज्ञानाचा दुसरा अर्धा भाग आहे. पहिल्याने देवाविषयीचे भांडण मिटते. दुसऱ्याने माणसांमधले.

तमिळ भाषक जेव्हा ‘नीर’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘पाणी’ होतो आणि ‘तुम्ही’ही होतो. देवळाच्या पायरीवर बसून या दोन अर्थांचे चिंतन करावे. तहान लागल्यावर माणूस पाण्याचा विचार करतो. भक्तीचा उदय झाल्यावर तो समोरच्याचा विचार करतो. दोन्हींना एकच शब्द पुरावा, ही त्या भाषेची थोरवी. आपल्या पुढे जो उभा आहे, त्याच्याकडे पाहताना आपल्यालाही दोन्ही अर्थ एकदम आठवोत: हा ‘तुम्ही’ आहे, आणि याला तहान लागली असेल.

श्री लक्ष्मी-नृसिंह आणि पंढरीचा पांडुरंग आपणा सर्वांची यात्रा सुखरूप व सफल करोत. भीमा-नीरेचे पाणी निर्मळ राहो, आणि ते मागणाऱ्याच्या भाषेत त्याला मिळो.

॥ शुभं भवतु ॥

सचिव,
देवस्थान विश्वस्त कार्यालय